स्वतःपुरतं व्यायाम-नोंद ॲप: इंटरनेटशिवाय चालणारं, फोनमध्येच राहणारं

जिममध्ये दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात श्वास सावरायचा, घोटभर पाणी प्यायचं, बारवरच्या प्लेट बदलायच्या आणि झालेला सेट टिपून ठेवायचा. म्हणून व्यायामाच्या ॲपची परीक्षा दोनच प्रश्नांवर होते. सेट पाच सेकंदांत टिपता येतो का? आणि आज टिपलेला सेट दोन वर्षांनी जागेवर सापडतो का? तयार ॲप घेतलं तर लॉगिन, जाहिराती आणि तळघरातल्या जिममधली गायब रेंज या तिन्हींशी रोज झगडावं लागतं. स्वतःपुरतं ॲप बनवताना यातलं काहीच नको असतं, त्यामुळे काम वाटतं त्याहून लहान आहे. वेळ घालवायचा तो डेटाची मांडणी आणि साठवण यांवर. रंगरूप नंतर कधीही बदलता येतं, चुकीची मांडलेली सहा महिन्यांची नोंद मात्र सहज दुरुस्त होत नाही.

इथे वेब-ॲपचा मार्ग दिला आहे. ब्राउझरमध्ये उघडणारं पान, जे फोनच्या होम स्क्रीनवर बसवलं की स्वतंत्र ॲपसारखं चालतं. अँड्रॉइड स्टुडिओ उतरवून कॉटलिनमध्ये ॲप लिहिता येतं, पण एका माणसासाठी तो पसारा जास्त होतो आणि घरातल्या आयफोनवर ते चालणारही नाही. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची प्राथमिक ओळख असलेल्याला हे सगळं जमेल.

काय लागेल

एक संगणक, व्हीएस कोडसारखा कोणताही एडिटर आणि फोन. फाइली पाच: मुख्य एचटीएमएल पान, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सर्व्हिस वर्करची (ॲप ऑफलाइन चालवणारी) स्वतंत्र जावास्क्रिप्ट फाइल आणि मॅनिफेस्ट (ॲपचं नाव, आयकॉन सांगणारी फाइल). शिवाय चौकोनी आयकॉन दोन, १९२ आणि ५१२ पिक्सेलचे. रिॲक्टसारखी फ्रेमवर्क इथे घेऊ नका. तीन पडद्यांच्या ॲपला तिची गरज नसते, आणि दोन वर्षांनी छोटी दुरुस्ती करायला बसाल तेव्हा आधी जुन्या पॅकेजांच्या आवृत्त्यांचा गुंता सोडवत बसावं लागेल.

आधी कागदावर: नोंदीची मांडणी

तीन तक्ते पुरतात: व्यायाम, सत्र (एका वेळचा व्यायाम) आणि सेट. सगळं एकाच मोठ्या यादीत कोंबायचा मोह होतो, पण मग ‘मागच्या वेळी स्क्वॉटला किती वजन होतं’ हे शोधायला दर वेळी अख्खा इतिहास चाळावा लागतो.

व्यायामाच्या नोंदीत हवं: आयडी, नाव, प्रकार, वजनाची पायरी, नेहमीची विश्रांती (सेकंदांत) आणि ‘आता वापरात नाही’ अशी खूण. व्यायाम कधीही पुसू नका, ही खूण लावून यादीतून दडवा. पुसलात तर त्याचे जुने सेट अनाथ होतात आणि आलेख काढताना ॲप कोसळतं.

प्रकार हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. काही परदेशी ॲप धरून चालतात की प्रत्येक व्यायाम म्हणजे वजन गुणिले रेप (एका सेटमध्ये हालचाल किती वेळा केली ते). आपल्याकडे जोर-बैठका, सूर्यनमस्कार, दोरीउड्या, पायऱ्या चढणं हेही रोजच्या व्यायामात असतं. तेव्हा प्रकार चार ठेवा: वजन आणि रेप, फक्त रेप, फक्त वेळ (प्लँक, मल्लखांबावरची स्थिर स्थिती), अंतर आणि वेळ. नोंदीचा पडदा या प्रकारावरून ठरतो. बैठकांना वजनाचा चौकोन दिसताच कामा नये.

सेटच्या नोंदीत: आयडी, सत्राचा आयडी, व्यायामाचा आयडी, क्रम, वजन, रेप, सेकंद, मीटर, वॉर्म-अप आहे का, टिपल्याची वेळ, हटवला आहे का. उदाहरणार्थ:

सेट: {
  सत्र: "स-१०४",
  व्यायाम: "व्या-७",
  क्रम: ३,
  वजनग्रॅम: ६०००० ,
  रेप: ८,
  वॉर्मअप: ०,
  हटवला: ०
}

हा नमुना समजण्यापुरता आहे. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत चालतात, पण कोडमधले आकडे रोमनच लागतात. आयडी म्हणून ब्राउझरची क्रिप्टो-रँडम-यूयूआयडी ही सोय वापरा. १, २, ३ असे चढते क्रमांक दिले तर पुढे दोन फोनांवरचा डेटा एकत्र करताना एकाच क्रमांकाचे दोन वेगळे सेट समोरासमोर येतात.

वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात साठवा: ६० किलो म्हणजे ६००००, सव्वा किलोची प्लेट म्हणजे १२५०. जावास्क्रिप्टमध्ये दशांशांची बेरीज नेमकी होत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतं, आणि ‘हे वजन मागच्याइतकंच आहे का’ ही साधी तुलना कधीतरी चुकते. ग्रॅममध्ये ही भानगड उरत नाही. पडद्यावर दाखवताना तेवढं हजाराने भागायचं.

पाउंडात आकडे छापलेली मशीन अनेक जिममध्ये असतात. १ पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. रूपांतर करून जवळच्या ग्रॅमला पूर्णांक करा, पण मूळ एककही व्यायामाच्या नोंदीत ठेवा, म्हणजे १०० पाउंडाची पिन लावल्यावर पडद्यावर ४५.३५९ दिसणार नाही. ज्या मशीनवर नुसते १ ते १५ असे खाचेचे क्रमांक असतात तिथे किलोचा अंदाज बांधू नका, खाच क्रमांकच टिपा. पुलीच्या रचनेनुसार एकाच आकड्याचा भार दोन मशीनवर वेगळा लागतो, म्हणून दुसऱ्या जिममधलं तसंच दिसणारं मशीन हा ॲपमध्ये वेगळा व्यायाम.

दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवून व्यायामाच्या नावातच लिहून टाका. बारबेलचं वजन बारसकट धरायचं. ऑलिंपिक बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असला, तरी साध्या जिममधले बार कितीही हलके असू शकतात, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून बघा. डंबेलचं वजन एका हातातलं, म्हणजे डंबेलवर छापलेलं तेच. सूर्यनमस्कारातही असंच: उजवा पाय मागे आणि डावा पाय मागे मिळून एक धरायचा की दोन, हे आधी ठरलं नाही तर आकडे अचानक दुप्पट झालेले दिसतील.

पहाटेचा व्यायाम आदल्या दिवसात का जातो

हा दोष भारतात हमखास येतो. जावास्क्रिप्टमध्ये तारीख मिळवायला टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून पहिली दहा अक्षरं कापून घेण्याची सवय सर्रास दिसते. ती तारीख असते जागतिक प्रमाणवेळेची. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. त्यामुळे ५ मार्चला पहाटे ५ वाजता केलेला व्यायाम ४ मार्चच्या रात्री साडेअकराचा ठरतो आणि आदल्या दिवशी जमा होतो. साडेपाचनंतर जाणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही, आणि नेमाने पहाटे जाणाऱ्याच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवस एकाने सरकतो.

उपाय सोपा. सत्राची तारीख गेट-फुल-इयर, गेट-मंथ आणि गेट-डेट या स्थानिक वेळ देणाऱ्या फंक्शनांनी जोडून अक्षररूपात साठवा. महिना शून्यापासून मोजला जातो, म्हणून त्यात एक मिळवा. महिना आणि दिवस दोन अंकीच ठेवा, नाहीतर क्रम लावताना दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येईल. सोबत नेमका क्षण मिलिसेकंदांतही ठेवा.

उलट दिशेचा दोष अमेरिकेत राहणाऱ्यांना गाठतो. ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी नुसती अक्षरं डेट ऑब्जेक्टला दिली की तो ती प्रमाणवेळेची मध्यरात्र समजतो. भारतात त्याने तारीख तीच राहते, न्यू जर्सीत मात्र एक दिवस मागे जाते. म्हणून साठवलेली तारीख वाचताना तिचे तीन तुकडे करून वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे द्या.

रात्री पावणेबाराला सुरू झालेलं सत्र बारा उलटून गेलं तरी त्याची तारीख सुरुवातीचीच. तारीख सत्राला असते, सेटला नाही. ही मांडणी त्यासाठीच आहे.

देवनागरी अंक आणि नावं

मराठी कळफलकावरून ‘६०’ लिहिलं तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘हा आकडा नाही’ असं उत्तर देतं. दोष शांतपणे येतो: सेट टिपला जातो, पण वजनाच्या जागी काहीच नसतं. आकडे वाचण्याआधी एक छोटं फंक्शन चालवा. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत २४०६ आणि नऊचा २४१५. अक्षराचा क्रमांक या दोन्हींच्या मधला असेल तर त्यातून २४०६ वजा करा, उरतो तो अंक. यासाठी चौकोनाचा प्रकार ‘नंबर’ न ठेवता ‘टेक्स्ट’ ठेवा आणि इनपुट-मोड ‘डेसिमल’ करा. आकड्यांचा कळफलक तरीही उघडतो, आणि ब्राउझर देवनागरी अंक परस्पर गिळत नाही.

दाखवताना मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि प्रदेशाची खूण) दिला की ब्राउझर आपोआप देवनागरी अंक छापतो. छान दिसतं. फक्त पडद्यावर छापलेला मजकूर परत वाचून हिशोब करू नका. हिशोब नेहमी साठवलेल्या आकड्यावरून.

नावांतही एक खाच आहे. ‘पायऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात आणि यादीत ‘पायऱ्या चढणे’ दोनदा येतं. नाव साठवण्याआधी नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी या रूपाने (युनिकोडचं एक प्रमाण रूप) चालवलं की दोन्ही एक होतात. पुढची-मागची मोकळी जागाही तिथेच छाटा.

साठवण: इंडेक्स्ड-डीबी

लोकल-स्टोरेज (ब्राउझरमधली साधी साठवण) सोपं असतं म्हणून बहुतेक धडे तेच शिकवतात. इथे ते टाळा. त्याची मर्यादा साधारण ५ एमबी असते, त्यात फक्त अक्षरं मावतात, आणि एक सेट वाढवायला अख्खा इतिहास परत लिहावा लागतो. त्या लिहिण्यात काही बिनसलं तर सगळाच इतिहास धोक्यात. इंडेक्स्ड-डीबी (ब्राउझरमधलाच डेटाबेस) थोडी किचकट आहे, पण प्रत्येक सेट स्वतंत्र नोंद म्हणून जातो. जागेची चिंता नको: आठवड्याला चार दिवस, दिवसाला वीस सेट, म्हणजे वर्षाला ४१६० सेट. एका सेटला दीडशे बाइट धरले तरी वर्षाचं सव्वासहा लाख बाइटच्या आत भागतं. फोनमधल्या एका फोटोहून कमी.

तिचा मूळ इंटरफेस जुन्या धाटणीचा आहे. ‘आयडीबी’ नावाची लहानशी लायब्ररी तो प्रॉमिसच्या रूपात देते. ती वापरायची असेल तर तिची फाइल उतरवून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, बाहेरच्या सर्व्हरवरून ओढू नका.

सेटच्या तक्त्यावर दोन इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या सूची) करा. एक सत्राच्या आयडीवर. दुसरा जोड इंडेक्स, व्यायामाचा आयडी आणि टिपल्याची वेळ मिळून. या दुसऱ्यावर कर्सर (एकेक नोंद वाचत जाणारा) उलट्या दिशेने सोडला की त्या व्यायामाचा शेवटचा सेट लगेच हाती येतो.

इथे घसरण्याच्या जागा तीन. पहिली: खरं-खोटं अशी बुलियन किंमत इंडेक्स्ड-डीबीत ‘की’ (नोंद शोधण्याची किल्ली) म्हणून चालत नाही. ‘हटवला’ या रकान्यात तशी किंमत ठेवून त्यावर इंडेक्स केला तर त्रुटीचा संदेश येत नाही, नोंदी इंडेक्समधून गुपचूप वगळल्या जातात. म्हणून वरच्या नमुन्यात ० आणि १ आहेत. दुसरी: व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, हाताला काम नसलं की स्वतःच बंद होतो. सुरू असलेल्या व्यवहाराच्या मध्येच फेच किंवा टाइमरसाठी अवेट केलंत की पुढची लिहिण्याची सूचना ‘व्यवहार निष्क्रिय’ म्हणून फसते. लागणारी माहिती आधी गोळा करा, मग व्यवहार उघडा आणि एका दमात लिहा. तिसरी: तक्ते बदलायचे तर डेटाबेसची आवृत्ती पूर्णांकाने वाढवावी लागते, आणि तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये जुन्या आवृत्तीने उघडं असेल तर बदल अडकून बसतो. ‘व्हर्जन-चेंज’ घटना आली की जुन्या टॅबने जोडणी बंद करावी, एवढं लिहून ठेवा.

आणि एक नियम, ज्यावर तडजोड नको: ‘झाला’ हे बटण दाबताक्षणी सेट डेटाबेसमध्ये गेला पाहिजे. ‘सत्र संपवा’ दाबल्यावर सगळं एकदम साठवू असं ठरवलंत तर मध्येच फोन आला, कॅमेरा उघडला, आणि मेमरी कमी असलेल्या फोनने पान मारून टाकलं की अर्धा व्यायाम गेला. ॲप उघडताना अपुरं सत्र आहे का ते पाहा आणि असेल तर थेट तिथेच घेऊन जा.

नोंदीचा पडदा

हात घामेजलेले असतात, बोटं थरथरत असतात. बटणं किमान ४८ पिक्सेल उंच ठेवा, ‘झाला’ हे बटण त्याहून मोठं आणि पडद्याच्या तळाशी, अंगठ्याच्या टप्प्यात. वजन आणि रेप आधीच भरलेले हवेत: या सत्रातला त्याच व्यायामाचा मागचा सेट, तो नसेल तर मागच्या सत्रातला त्याच क्रमाचा सेट. दोन्ही बाजूंना कमी-जास्तची बटणं, आणि त्यांची पायरी व्यायामाच्या नोंदीतून. बारबेलला अडीच किलो (दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा), बैठकांना पाच रेप. असं केलं की बहुतेक सेटना कळफलक उघडावाच लागत नाही, आणि पाच सेकंदांचं गणित इथेच जमतं.

‘मागच्या वेळी: ६० किलो, ८, ८, ७’ अशी एक ओळ वर ठळक दिसू द्या. वाढ कधी करायची हे तिच्यावरून कळतं. ८ ते १२ रेपची मर्यादा धरून सगळे सेट १२ ला पोचले की एक पायरी चढवायची, ही साधी पद्धत बहुतेकांना पुरते. ॲपने तेवढंच सुचवावं, हुकूम सोडू नये.

एकाच दाबण्यात दोन सेट टिपले जाणं नेहमीचं आहे. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद ते निष्क्रिय करा आणि खाली ‘मागे घ्या’ची पट्टी काही सेकंद ठेवा. ‘नक्की का?’ असं विचारणारी खिडकी दर सेटला नको. आयफोनवर चौकोनातला मजकूर १६ पिक्सेलहून लहान असला की सफारी पान मोठं करून टाकतं, तेव्हा तिथे १६ किंवा जास्त. फाँट वेगळा उतरवू नका. फोनमध्ये देवनागरी फाँट असतोच, आणि बाहेरून ओढलेला फाँट ऑफलाइन असताना येत नाही.

विश्रांतीचा टाइमर

सेट-इंटरव्हलने दर सेकंदाला एक वजा करत जाणारा टाइमर टेबलावर बरोबर चालतो आणि जिममध्ये चुकतो. पान मागे गेलं की ब्राउझर टाइमर मंदावतो. क्रोममध्ये पाच मिनिटांहून जास्त दडलेल्या पानाचा टाइमर मिनिटातून एकदाच चालू शकतो, आणि फोन लॉक झाला की पान गोठतंच. म्हणून उरलेले सेकंद मोजू नका. विश्रांती संपण्याचा क्षण साठवा: आत्ताची वेळ अधिक ९०००० मिलिसेकंद. पडद्यावर दर वेळी त्यातून आत्ताची वेळ वजा करून दाखवा. पान पुन्हा समोर आलं की ‘व्हिजिबिलिटी-चेंज’ या घटनेवर लगेच नवा हिशोब करा. ॲप बंद होऊन उघडलं तरी आकडा बरोबर येतो.

लॉक असलेल्या फोनवर वेळेवर घंटी वाजेल याची खात्री वेब-ॲपला देता येत नाही. त्यातून वाट अशी: सत्र चालू असेपर्यंत स्क्रीन वेक लॉक घेऊन पडदा जागा ठेवा. पान दडलं की हा लॉक आपोआप सुटतो, पान परत समोर आल्यावर तो पुन्हा मागावा लागतो, आणि हीच ओळ लिहायची राहून जाते. अँड्रॉइडवर कंपन देता येतं, आयफोनच्या सफारीत ती सोय नाही. आवाजासाठी ऑडिओ-कॉन्टेक्स्ट वापरकर्त्याच्या एखाद्या स्पर्शावर सुरू करावा लागतो, तर ‘झाला’ बटणावरच तो सुरू करा.

ऑफलाइन करणं

सर्व्हिस वर्कर ही ब्राउझर आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसणारी फाइल. बसवताना ती ॲपच्या सगळ्या फाइली कॅशमध्ये (फोनमधल्या प्रतींच्या साठ्यात) भरते आणि पुढे प्रत्येक मागणीला आधी कॅशमधून उत्तर देते. आपल्या ॲपला ‘आधी कॅश, मग नेटवर्क’ हेच धोरण योग्य. ही फाइल ॲपच्या मुख्य फोल्डरमध्येच ठेवा. उपफोल्डरमध्ये टाकलीत तर तिचा अंमल त्या उपफोल्डरपुरताच राहतो आणि मुख्य पान तिच्या हाती येत नाही.

कॅशमध्ये भरायच्या यादीतली एक जरी फाइल सापडली नाही तरी ॲड-ऑल (यादी एकदम भरणारं फंक्शन) पूर्ण फसतं आणि वर्कर बसतच नाही. आयकॉनच्या नावातली एका अक्षराची चूकसुद्धा पुरते. ‘ऑफलाइन काही चालत नाही’ म्हटलं की आधी ही यादी तपासा.

दुसरी तक्रार: ‘कोड बदलला, पण फोनवर जुनंच दिसतं.’ ब्राउझर वर्करची फाइल जुनीशी ताडून पाहतो, ती बदलली असेल तरच नवी बसवतो, आणि ॲपच्या सगळ्या खिडक्या बंद होईपर्यंत नवीला ताटकळत ठेवतो. कॅशच्या नावात आवृत्ती घाला (‘व्यायाम-आ-१२’), प्रत्येक बदलाला तो आकडा वाढवा, आणि नवा वर्कर कामाला लागताना जुन्या नावाच्या कॅश पुसा. स्किप-वेटिंगने ताटकळणं टाळता येतं, पण चालू सत्राच्या मध्ये कोड बदलू नये म्हणून ते ‘नवी आवृत्ती आली आहे, लावा’ अशा बटणामागे ठेवा. कॅश पुसताना इंडेक्स्ड-डीबीला हात लागत नाही. त्या दोन वेगळ्या जागा आहेत.

मॅनिफेस्टमध्ये नाव, लहान नाव (आयकॉनखाली मावेल इतकं), सुरुवातीचं पान, ‘स्टँडअलोन’ हा दिसण्याचा प्रकार आणि दोन आयकॉन. सुरुवातीच्या पानाचा पत्ता टिंबाने सुरू होणारा, म्हणजे सापेक्ष द्या.

फोनवर चढवणं

सर्व्हिस वर्कर फक्त एचटीटीपीएस पत्त्यावर किंवा लोकलहोस्टवर (स्वतःच्याच संगणकाचा पत्ता) चालतो. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडलेल्या पानात तो बसत नाही. संगणकावर पायथनच्या अंगभूत सर्व्हरने लोकलहोस्टवर तपासणी होते. पण त्याच वायफायवरच्या फोनमध्ये संगणकाचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता उघडला तर तो सुरक्षित मानला जात नाही, आणि वर्कर तिथेही नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानातलं पोर्ट फॉरवर्डिंग वापरा, म्हणजे फोनलाही तो लोकलहोस्टच दिसतो.

कायमची जागा म्हणून गिटहब पेजेस (तुमच्या फाइली वेबवर ठेवणारी सेवा) फुकट आणि पुरेसं आहे. तिथे कोड जातो, तुमच्या नोंदी फोनच्या बाहेर पडत नाहीत. मात्र एकाच खात्याची सगळी पेजेस एकाच मूळ पत्त्याखाली येतात, त्यामुळे ब्राउझर त्यांची साठवणही एकच धरतो. डेटाबेसला नुसतं ‘डेटा’ असं नाव दिलंत आणि तुमच्याच दुसऱ्या प्रकल्पात तेच नाव असलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतील. याच कारणाने पुढे मूळ पत्ता बदललात तर जुन्या नोंदी नव्या पत्त्यावर येत नाहीत, बॅकअपमधून आणाव्या लागतात. पत्ता एकदाच, विचार करून ठरवा.

आता कसोटी: ॲप बसवा, एकदा उघडा, फोन विमान मोडवर टाका, ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून बंद करा आणि परत उघडा. सेट टिपा, पुन्हा बंद करा, उघडा. सेट दिसला तरच पुढे जा.

आयफोनवाल्यांनी क्रम पाळायचा. सफारी २०२० पासून असा नियम लावतं की सफारी वापरात असताना एखाद्या साइटला सात दिवस हात लागला नाही तर त्या साइटने साठवलेला डेटा पुसला जातो. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला हा फटका बसत नाही, पण त्याची साठवण सफारीच्या टॅबपेक्षा वेगळी असते. म्हणून आधी होम स्क्रीनवर बसवा आणि पहिली नोंद तिथूनच करा. टॅबमध्ये केलेल्या नोंदी ॲपमध्ये दिसत नाहीत. अँड्रॉइडवर स्टोरेज-पर्सिस्ट (साठवण आपोआप पुसू नये) ही मागणी ॲप सुरू होताना करा. क्रोम काही न विचारता हो किंवा नाही ठरवतो. उत्तर सेटिंगच्या पडद्यावर दाखवा, म्हणजे डेटा कितपत सुरक्षित आहे ते कळतं.

आलेख

एका व्यायामाची एक रेघ पुरते. वजनाच्या व्यायामाला प्रत्येक सत्रातल्या उत्तम सेटवरून एका रेपची अंदाजी कमाल ताकद काढा. एप्लीचं सूत्र: वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). ६० किलो आणि ८ रेप म्हणजे ७६ किलो. ब्रिझिकीच्या सूत्राने, म्हणजे वजन गुणिले ३६ भागिले (३७ वजा रेप), तोच सेट साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास येतो. कुठलंही एक धरा आणि बदलू नका, कारण पाहायचा असतो चढ, नेमका आकडा नव्हे. दहा-बारा रेपच्या वर ही सूत्रं भरकटतात, तसे सेट वगळा. वॉर्म-अपही वगळा. जोर-बैठकांना दिवसाची एकूण संख्या दाखवा. रेघ एसव्हीजीच्या पॉलीलाइनने काढता येते, लायब्ररी नको. एसव्हीजीत उभा अक्ष वरून खाली वाढतो, तेव्हा किंमत उंचीतून वजा करायला विसरू नका, नाहीतर प्रगती उताराला लागलेली दिसेल.

बॅकअप

फोन पडतो, हरवतो, बदलला जातो, आणि कोणीतरी ‘ब्राउझरचा सगळा डेटा साफ करा’ दाबतं. ऑफलाइन ॲपची दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून बॅकअपचं बटण पहिल्याच आवृत्तीत हवं, आलेखाच्या आधी. तिन्ही तक्ते एका जेसन फाइलमध्ये (मजकुराच्या रूपातला डेटा) काढा, सोबत मांडणीची आवृत्ती आणि काढल्याची वेळ. फाइलच्या नावात तारीख घाला. शेवटच्या बॅकअपला पंधरा दिवस उलटले की मुख्य पडद्यावर एक ओळ दिसू द्या. फाइल फोनमध्येच ठेवून उपयोग नाही, ती स्वतःला मेल करा किंवा संगणकावर न्या.

एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल) हवी असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये लिहा आणि सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह घाला. ते नसलं की एक्सेलमध्ये ‘बैठका’च्या जागी अगम्य चिन्हं उमटू शकतात. सीएसव्ही वाचण्यासाठी, परत भरण्यासाठी जेसनच.

परत भरताना आधी फाइल तपासा: आवृत्ती ओळखीची आहे का, प्रत्येक सेटचा व्यायाम आणि सत्र फाइलमध्ये आहेत का, वजन पूर्णांक आहे का. सगळं पास झालं तरच एकाच व्यवहारात लिहा, म्हणजे मध्ये काही बिघडलं तर अर्धवट भरणा न होता काहीच बदलत नाही. आयडी आधीच असेल तर ज्या नोंदीत अलीकडे बदल झाला ती ठेवा. त्यासाठी प्रत्येक नोंदीत ‘शेवटचा बदल’ हा रकाना वाढवा. सेट प्रत्यक्ष न पुसता ‘हटवला’ची खूण लावण्याचं कारण इथेच कळतं: खरोखर पुसलेला सेट जुन्या बॅकअपमधून परत येतो, खूण लावलेला येत नाही.

हे सगळं खऱ्या नोंदी भरण्याआधी तपासा. पाच-दहा खोटे सेट टिपा, बॅकअप काढा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये भरा आणि तारखा, वजनं, व्यायामांची नावं एकेक ताडून पाहा. त्यात पहाटे पाचचा एक सेट आणि ‘पायऱ्या चढणे’ची एक नोंद असू द्या.